आढं ९.८ मीटरवर, मर्यादा ९.५ ची: ब्रिस्बेनमध्ये घर उचलायची परवानगी कशी मागावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिस्बेनच्या पश्चिमेकडे २४ पर्चचा, म्हणजे साधारण ६०७ चौरस मीटरचा उतरता प्लॉट आणि त्यावर १९३० च्या दशकातलं खांबांवरचं लाकडी घर. ते उचलून खाली दोन खोल्या आणि बाथरूम काढायची, म्हणजे पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांना जिने चढावे लागणार नाहीत. ड्राफ्ट्समनच्या नकाशात आढं जमिनीपासून ९.८ मीटरवर जातंय, मर्यादा ९.५ ची आहे. सर्टिफायर (बांधकामाचे नकाशे तपासून मंजुरी देणारा) म्हणतो कौन्सिलकडे, म्हणजे शहराच्या पालिकेकडे जा. घर उचलणारा म्हणतो, तीनशे मिलिमीटर कोण मोजायला येतंय? तर कौन्सिल परवानगी देईल का, आणि ती मागायची कशी?

देऊ शकते. पण अर्जाचा फॉर्म हे या कामातलं चौथं पाऊल आहे आणि बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. आधी ९.८ हा आकडा खरा आहे का ते बघा. खरा निघाला तर वरचे ३०० मिलिमीटर नेमके कशामुळे आलेत ते शोधा. त्यातले किती छाटता येतील ते ठरवा. एवढं करून जे उरेल तेवढ्यासाठीच कौन्सिलच्या दारात जायचं.

घर उचलणाऱ्याच्या सल्ल्याचं आधी बघून टाकू, कारण तो ऐकायला गोड आहे. क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेनच्या राज्यात, नियोजनाची मंजुरी लागत असेल तर ती हातात आल्याशिवाय सर्टिफायर बांधकामाची मंजुरी देऊ शकत नाही. मंजुरीविना घर उचललं तर तो कायद्याने गुन्हा ठरतो, आणि तो उचलणाऱ्याच्याच नव्हे, मालक म्हणून तुमच्याही गळ्यात येतो. ‘कोण मोजतंय’ याचं उत्तरही सरळ आहे: ज्याच्या अंगणात ऊन कमी पडलं तो शेजारी, आणि उद्या घर विकताना खरेदीदाराचा वकील.

उंची कुठून मोजायची

क्वीन्सलँडच्या नियोजन नियमांत इमारतीची उंची म्हणजे जमिनीच्या पातळीपासून छपराच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंतचं उभं अंतर. अँटेना, धुराडं, झेंड्याचा खांब यात धरत नाहीत. गोम आहे ती ‘जमिनीची पातळी’ या शब्दांत. ती म्हणजे नैसर्गिक जमीन. किंवा ती कायदेशीर परवानगीने बदललेली असेल तर बदललेली पातळी. आज अंगणात दिसते ती माती म्हणजे ती पातळी असेलच असं नाही. आधीच्या मालकाने पन्नास वर्षांपूर्वी मागच्या अंगणात दोन ट्रक भराव टाकला असेल आणि त्याचा कुठे कागद नसेल, तर तो भराव तुमच्या बाजूने मोजला जाईल या भरवशावर राहू नका. उलट, रस्त्याच्या बाजूला कुणी माती उकरून गाडीसाठी जागा केली असेल, तर तिथे नैसर्गिक पातळी आजच्यापेक्षा वर होती. म्हणजे तिथे तुमचं घर कागदावर बुटकं ठरेल.

हे शोधायची उत्तम जागा म्हणजे घराच्या पोटाखालची माती. खांबांवरच्या घराखाली सहसा कुणी भराव करत नाही. जुन्या खांबांभोवतीची माती, पायाजवळचा तिचा रंग आणि थर यावरून सर्व्हेअरला बराच अंदाज येतो. कडेच्या पातळ्या आणि घराखालच्या पातळ्या यांत अचानक पायरी दिसली, तर कुठेतरी भर किंवा काप झालेला असतो.

म्हणून पहिला खर्च नोंदणीकृत सर्व्हेअरचा. ड्राफ्ट्समनने टेपने किंवा इंटरनेटवरच्या कंटूर नकाशावरून काढलेल्या ९.८ मध्ये २०० मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतात, आणि तुमचा सगळा वादच ३०० चा आहे. सर्व्हेअरला स्पष्ट सांगा: ऑस्ट्रेलियन हाइट डेटमवर (उंची मोजायचा देशभरचा एकच आधार) पातळ्या हव्यात, घराखालीसुद्धा, आढं, वळचण आणि आताची जमीनपाटी (घराच्या फरशीची पातळी) यांच्या उंच्या हव्यात, आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या घरांच्या आढ्यांच्याही. हे शेवटचं लोक सांगायला विसरतात आणि दोन महिन्यांनी सर्व्हेअरला परत बोलावतात.

उतरत्या जमिनीवर ९.५ ची मर्यादा सपाट नसते. जमिनीवर चादर अंथरावी आणि तिचे चढउतार तसेच ठेवून ती ९.५ मीटर वर उचलावी, तशी ती असते. छपराचा कुठलाही भाग त्या चादरीतून वर डोकावला तर तेवढा भाग मर्यादेबाहेर. म्हणून एकाच ठिकाणचा आकडा पुरत नाही. आढ्याच्या दोन्ही टोकांना आणि मधे, खालच्या जमिनीपासून उंची काढावी लागते.

तुमचे ३०० मिलिमीटर आले कुठून

तुम्ही नकाशा दिलेला नाही, पण या प्रकारच्या घरात हिशेब साधारण असा बसतो. जमीनपाटीपासून आढ्यापर्यंत ६ मीटर: जुनी छतं ३.३ मीटरच्या आसपास उंच, वर तीस अंशांचं पत्र्याचं छप्पर. खालच्या मजल्याचा स्लॅब, म्हणजे काँक्रीटची तळजमीन, बाहेरच्या जमिनीपेक्षा ०.१५ वर, कारण पाणी आत येऊ नये आणि वाळवीची वाट दिसावी. राहत्या खोलीची किमान उंची २.४. वरच्या मजल्याचे जॉइस्ट (फळ्यांखालच्या आडव्या तुळया), त्याखाली आडवे पोलादी बीम, फळ्या आणि छताचा बोर्ड मिळून ०.३५. बेरीज ८.९. सपाट जमिनीवर घर आरामात बसलं असतं. पण घराच्या दहा मीटर रुंदीत जमीन १.८ मीटर उतरत असेल आणि स्लॅब वरच्या कोपऱ्याच्या हिशेबाने धरला असेल, तर आढ्याखाली मध्यावर जमीन ०.९ खाली गेलेली असते. ८.९ अधिक ०.९, झाले ९.८.

म्हणजे दोष छपराचा नाही आणि खालच्या खोल्यांचाही नाही. स्लॅब कुठे बसवला याचा आहे. कौन्सिलचा अधिकारी छेद (घर उभं कापल्यासारखा काढलेला नकाशा) बघून पहिला प्रश्न हाच विचारणार: स्लॅब थोडा खाली का घेतला नाही?

छाटणी

स्लॅब वरच्या कोपऱ्यात जमिनीपेक्षा ०.१५ वर ठेवण्याऐवजी ०.२५ खाली घेतला, तर ०.४ कमी होऊन आढं ९.४ वर येतं आणि उंचीपुरता कौन्सिलचा प्रश्नच संपतो. मात्र मग त्या बाजूला स्लॅबच्या कडेने निदान मीटरभर रुंदीची पट्टीही खोल न्यावी लागते, म्हणजे भिंतीबाहेरची जमीन स्लॅबच्या खालीच राहते. ती माती धरायला छोटी रिटेनिंग भिंत, तिच्यामागे खडी आणि सच्छिद्र पाइप, आणि त्या पाइपाचं पाणी न्यायला उताराकडे खरीखुरी वाट. ही वाट नकाशात नसेल तर पहिल्याच उन्हाळी पावसात खालच्या खोलीत पाणी. उन्हाळी म्हणतोय कारण इथला मोठा पाऊस डिसेंबर ते मार्चमधला.

दुसरी छाटणी बीमांची. ०.३५ मधला मोठा वाटा जॉइस्टखाली लटकणाऱ्या पोलादी बीमांचा असतो. राहत्या खोलीला २.४ हवेत, पण बाथरूम, लाँड्री आणि बोळाला २.१ चालतात. बीम बोळावरून किंवा खोल्यांमधल्या भिंतींच्या रेषेत नेले, तर खोलीच्या छताला फक्त जॉइस्ट, फळ्या आणि बोर्ड एवढाच थर लागतो, साधारण ०.२. तिथे १५० मिलिमीटर सुटतात. हे स्ट्रक्चरल इंजिनियरला आराखड्याच्या सुरुवातीला सांगायचं. नंतर सांगितलं तर तो खांबांच्या जागा हलवायला तयार होत नाही, आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे.

इथे एक सावधगिरी. २.४ म्हणजे तयार फरशीपासून छताच्या बोर्डापर्यंत. काँक्रीटपासून २.४ धरून घर बसवलं आणि वर फरशी व मसाल्याचे ३० मिलिमीटर चढले, की खोली २.३७ ची होते. मग ती कागदावर राहती खोलीच राहत नाही. खालून २.४ आणि वरून ९.५ अशा दोन कडांमध्ये तुमचं घर चेपलेलं आहे, तेव्हा दोन्हीकडे निदान ५० मिलिमीटर हातात ठेवा. पत्रा बदलायचा बेत असेल तर तोही आत्ताच धरा. नव्या पट्ट्या आणि त्यावर उष्णतारोधक थर घातला की आढं आणखी वर सरकतं, आणि मंजूर नकाशात ते नसतं.

छप्पर बुटकं करायचा विचार मात्र सोडा. घर १९४६ किंवा त्याआधीचं असेल आणि प्लॉट पारंपरिक घरांच्या ओव्हरलेमध्ये (जादा नियम लागणारं, नकाशावर आखलेलं क्षेत्र) असेल, तर ते छप्पर हेच कौन्सिलला जपायचं असतं. उंची वाचवायला छपराचा कोन बदलला तर एका अडचणीच्या जागी दोन होतील.

मजल्यांचीही एक खोच आहे. मर्यादा ९.५ मीटरची आहे तशीच दोन मजल्यांचीही आहे. उतरत्या बाजूला स्लॅबखाली पोकळी राहिली आणि तुम्ही तिथे काँक्रीट घालून सामानाची खोली केली, तर ती तिसरा मजला धरली जाऊ शकते. छत जमिनीपासून एक मीटरपेक्षा वर नसेल असं तळघर मोजणीतून सुटतं. उताराच्या खालच्या टोकाला ही अट सहसा टिकत नाही. तिसरा मजला ३०० मिलिमीटरपेक्षा कितीतरी जड पडतो. ती पोकळी मोकळीच ठेवा.

तरीही उरलं तर: प्रश्न कोणता, उत्तर कोणतं

समजा खडक लागला, किंवा झाडाच्या मुळांमुळे खोदता येत नाही, आणि शेवटी १५० मिलिमीटर जास्तच राहिले. आता कौन्सिल.

सिटी प्लॅनमधल्या, म्हणजे ब्रिस्बेन कौन्सिलच्या नियोजन योजनेतल्या, कोडची (नियमसंचाची) रचना समजली तर अर्धा अर्ज तिथेच लिहून होतो. प्रत्येक मुद्द्याला एक परफॉर्मन्स आउटकम असतो आणि त्यासमोर एक ॲक्सेप्टेबल आउटकम. पहिला म्हणजे प्रश्न: हे घर आसपासच्या घरांच्या उंचीशी जुळतं का, शेजाऱ्याचं ऊन आणि उजेड अवाजवी अडवतं का? दुसरा म्हणजे कौन्सिलने आधीच मान्य केलेलं तयार उत्तर: ९.५ मीटर आणि दोन मजले. तयार उत्तर दिलंत तर प्रश्न विचारला जात नाही. ते देता येत नसेल तर मूळ प्रश्नाला स्वतःच्या पुराव्याने उत्तर द्यायचं.

फसलेले अर्ज बहुधा इथेच फसतात. त्यात लिहिलेलं असतं: मर्यादा फक्त दीड टक्का ओलांडली आहे, कुटुंब मोठं आहे, खर्च वाढेल, पलीकडच्या गल्लीत तीन मजली घर आहे. यातलं एकही वाक्य प्रश्नाचं उत्तर नाही. कोड असेसमेंटमध्ये, म्हणजे कोडवर घासून होणाऱ्या तपासणीत, कायदा कौन्सिलला नेमून दिलेल्या निकषांवरच अर्ज तोलायला सांगतो. तुमचे आईवडील त्या निकषांत नाहीत. निकष भागतात हे दाखवलंत तर मात्र कौन्सिलला मंजुरी द्यावीच लागते. हीच खरी ताकद.

मग दाखवायचं काय? पहिलं, किती भाग बाहेर डोकावतो. तीस अंशांच्या छपरात ३०० मिलिमीटर जास्त असतील तर आढ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा अर्धा मीटर, म्हणजे मीटरभर रुंदीची पट्टी चादरीबाहेर येते. १०० मिलिमीटर असतील तर दोन्हीकडे सतरा-अठरा सेंटिमीटर, जवळपास आढ्याची पत्र्याची टोपीच. हे छपराच्या वरून काढलेल्या नकाशात रंगवून दाखवा. ‘घर उंच आहे’ हे वाचणं आणि ‘एवढीशी पट्टी बाहेर आहे’ हे बघणं यात अधिकाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम फार वेगळा असतो.

दुसरं, रस्त्याचं दृश्य. तुमचं घर मधे, दोन्ही बाजूंची दोन-दोन घरं, सगळ्यांची आढी खऱ्या मोजलेल्या पातळीवर, एकाच रेषेत. चढावरच्या शेजाऱ्याचं आढं तुमच्या नव्या आढ्यापेक्षा उंच निघालं, आणि उतारावरच्या रस्त्यावर तसं बऱ्याचदा निघतं, तर ‘आसपासच्या उंचीशी जुळतं का’ या प्रश्नाचं उत्तर त्या एका चित्राने मिळतं.

तिसरं, सावल्या. इथे आपली सवय उलटी करावी लागते. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून येतो, सावली दक्षिणेच्या शेजाऱ्यावर पडते, आणि सर्वांत लांब सावलीचा दिवस २१ जून. त्या दिवशीच्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनच्या सावल्या काढा. प्रत्येक वेळेच्या दोन: ९.५ मीटरच्या नियमबद्ध घराची आणि तुमच्या घराची. ब्रिस्बेनला त्या दिवशी दुपारी सूर्य सुमारे ३९ अंशांवर असतो, म्हणजे वाढलेल्या १५० मिलिमीटरची सावली जेमतेम १८५ मिलिमीटर वाढते. सकाळी नऊला सूर्य सुमारे २५ अंशांवर, तेव्हा साधारण ३२५ मिलिमीटर. आणि आढं घराच्या मध्यावर असल्याने ही वाढ पुष्कळदा शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत पोचतच नाही, स्वतःच्याच आवारात विरते. पोचत असेल तर कुठे पोचते ते बघा. गॅरेजच्या पत्र्यावर पडली तर फरक नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीवर किंवा कपडे वाळत घालायच्या जागेवर पडली तर आराखडा परत उघडा.

जुन्या घराच्या बाबतीत अधिकाऱ्याच्या मनात आणखी एक धाक असतो: खाली विटांची सपाट भिंत आणि दोन गाड्यांचं गॅरेज येऊन घराचा दुमजली खोका होईल. समोरच्या बाजूला उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी, पुढचा जिना जागच्या जागी, आणि खालच्या खोल्यांची भिंत वरच्या व्हरांड्याच्या रेषेपासून आत, एवढं पाळलं तर उंचीची चर्चाही नरम होते. ते उंचीच्या कलमात लिहिलेलं नाही, पण कागद वाचणारा माणूस एकच असतो.

पूर

तुमच्या वर्णनात नाल्याचा उल्लेख नाही, तरी कौन्सिलच्या संकेतस्थळावरून प्लॉटचा फ्लडवाइज अहवाल काढाच, फुकट आहे. शहरातल्या मोजपट्टीवर नदी १९७४ मध्ये ५.४५ मीटर, जानेवारी २०११ मध्ये ४.४६ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ३.८५ मीटर चढली. पण २०२२ चा पूर नाल्यांचाही होता, त्यामुळे २०११ ला कोरडी राहिलेली काही घरं तेव्हा बुडाली. ‘अकरा साली पाणी आलं नव्हतं’ या विक्रेत्याच्या वाक्यावर विसंबू नका.

प्लॉट पुराच्या ओव्हरलेमध्ये निघाला तर अख्खं गणित उलटतं. राहत्या खोलीची जमीनपाटी ठरवलेल्या पूरपातळीपेक्षा ५०० मिलिमीटर वर हवी. म्हणजे स्लॅब खाली घेणं बाद, आणि आईवडिलांची खोली खाली काढणंही बाद. तिथे गाडी, सामान, लाँड्री. मात्र घर त्या पातळीवर नेण्यासाठीच उंची ओलांडली जात असेल, तर ते मोठं सबळ कारण ठरतं, कारण एक कोड वर जा म्हणतोय आणि दुसरा थांब म्हणतोय, हे तुम्ही आकड्यांत दाखवू शकता. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना हा विचार ओळखीचा वाटेल. महाराष्ट्राच्या एकत्रीकृत विकास नियमावलीतही निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधे जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर मागतात. फक्त आपल्याकडे जोतं बांधतात, इथे घरच वर जातं.

‘घर उचलायला सरकार पैसे देतं’ असंही कुणी सांगेल. तो सुमारे ७५ कोटी डॉलरचा निधी २०२१-२२ च्या पुरात बाधित झालेल्या घरांसाठी होता. तुमचा बेत त्यावर आखू नका.

इथवरचं एकदा जुळवून घ्या: मोजणी, मग पुराचा अहवाल, मग छेदात स्लॅब आणि बीम बसवणं, आणि उरलेल्या उंचीसाठी तीन चित्रं: छपराची पट्टी, रस्त्याचं दृश्य, सावल्या. हे सगळं फॉर्म भरण्याच्या आधीचं आहे.

बाजूचं अंतर, जे सगळे विसरतात

घर वर गेलं की बाजूच्या हद्दीपासूनचं लागणारं अंतरही वाढतं. क्वीन्सलँड डेव्हलपमेंट कोडमध्ये ४.५ मीटर उंचीपर्यंत १.५ मीटर, ४.५ ते ७.५ पर्यंत २ मीटर, त्यापुढे दर ३ मीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी अर्धा. ते मोजायचं भिंतीपासून नाही, वळचणीच्या फळीच्या बाहेरच्या अंगापासून. जुनं घर हद्दीपासून १.२ मीटरवर असेल तर आज ते चालतंय, पण वर उचलल्यावर त्यासाठी कौन्सिलची वेगळी संमती लागू शकते. तो उंचीच्या अर्जापेक्षा निराळा कागद आहे आणि सर्टिफायरने तो तुम्हाला आधीच सांगायला हवा. नसेल सांगितला तर विचारा. नवी भिंत हद्दीपासून ९०० मिलिमीटरच्या आत आली तर अग्निरोधक भिंतीचे नियम लागतात, तेही खर्चिक.

तुमचा प्लॉट २४ पर्चचा आहे हे बरं. १६ पर्चचा, म्हणजे ४०५ चौरस मीटरचा असता तर ४५० च्या आतला म्हणून छोट्या प्लॉटचा कोड लागला असता. दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत असाल तर हे सगळे आकडे पुन्हा तपासा. जिथे स्थानिक योजना वेगळं सांगत नाही तिथे राज्याच्या कोडप्रमाणे उंची ८.५ मीटर, आणि उतार १५ टक्के किंवा जास्त असेल तर १० मीटर.

अर्ज आणि वेळ

आधी तुमच्या प्लॉटचा झोन, शेजार-योजना (त्या भागापुरते कौन्सिलचे वेगळे नियम) आणि ओव्हरले बघून अर्ज कोड असेसमेंटचा आहे की इम्पॅक्टचा ते ठरवा. नुसती घराची उंची ओलांडली तर बहुधा कोड. शेजार-योजनेने स्वतःची उंची ठरवली असेल तर इम्पॅक्टवर जाऊ शकतं. फरक मोठा आहे. इम्पॅक्टमध्ये प्लॉटवर फलक, लगतच्या मालकांना पत्रं, जाहीर सूचना, आणि हरकतींसाठी निदान १५ कामाचे दिवस. कोडमध्ये शेजाऱ्याला हरकतीचा अधिकार नसतो. तरी दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे सावल्यांचा कागद घेऊन स्वतः जाऊन या. त्याने कौन्सिलला फोन केलाच तर ‘मला दाखवलंय’ म्हणणं आणि ‘मला काहीच माहीत नाही’ म्हणणं यात अंतर आहे.

नकाशे तयार झाले की अर्ज करण्याआधीची सल्ला-बैठक घ्या, पण छेद आणि मोजणी हातात असेल तेव्हाच. रिकाम्या हाताने गेलात तर ‘कोडप्रमाणे बघू’ एवढंच ऐकून याल. अर्जात डीए फॉर्म १ (विकासाच्या परवानगीचा छापील अर्ज), मालकांची संमती (घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांची), नकाशे, आणि प्रत्येक निकषासमोर उत्तर लिहिलेला नियोजन अहवाल. कोड असेसमेंटला पडताळणीचे १०, माहिती मागवायचे १० आणि निर्णयाचे ३५ कामाचे दिवस. ही बेरीज अकरा आठवडे होते, पण माहिती मागवली गेली की घड्याळ तुमच्या हातात येतं. उत्तर द्यायला तीन महिने असतात. चार-पाच महिने धरून चाला आणि घर उचलणाऱ्याची तारीख त्याआधी पक्की करू नका. त्याला दिलेली आगाऊ रक्कम कौन्सिल मोजत नाही.

माहिती मागवणारं पत्र आलं म्हणजे नकार आला असं घाबरू नका. बहुतेकदा त्यात सावल्या किंवा छेदातल्या पातळ्या मागितलेल्या असतात. फोनवर समजावून सांगण्यापेक्षा मागितलेलं चित्र त्याच क्रमाने द्या. अटी जाचक वाटल्या तर अपिलाच्या मुदतीत कौन्सिलकडे बदलाचं म्हणणं मांडता येतं. थेट नकार आला तर प्लॅनिंग अँड एन्व्हायर्नमेंट कोर्टात जायला २० कामाचे दिवस असतात. १५० मिलिमीटरसाठी कोर्टाची फी भरण्यापेक्षा स्लॅब खोल नेणं स्वस्त पडतं का, हा हिशेब त्या दिवशी पुन्हा मांडा.

उचलताना

मंजूर नकाशात आढ्याची उंची डेटमच्या पातळीत, मिलिमीटरपर्यंत लिहिलेली असू द्या, ‘९.६५ मीटर’ असं मोघम नको. उचलणारे घराखाली पोलादी बीम सारतात, लाकडी ओंडक्यांची आडवी-उभी चळत रचतात आणि जॅकने थोडं थोडं वर नेतात. घर चळतींवर असताना हवं त्यापेक्षा जरा वर असतं, आणि मग नव्या पोलादी खांबांवर खाली बसतं. खांबांची लांबी कापण्याच्या दिवशी सर्व्हेअर हजर हवा. दोरी आणि अंदाजाने खांब कापले आणि नंतर कळलं की आढं ४० मिलिमीटर वर बसलंय, तर तोवर भिंती, पाइप, वायरी सगळं जोडून झालेलं असतं. त्याच दिवशी आढ्याची पातळी घेऊन सर्व्हेअरच्या सहीचा कागद सर्टिफायरकडे द्या, आणि तो पोचल्याची खात्री झाल्यावरच चळती काढायला सांगा.